बँक खाते नाही? झिरो बॅलन्स खाते कसे उघडावे: पात्रता, कागदपत्रे आणि नकार मिळाला तर पुढचा मार्ग (नागपूर)

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि नागपुरातल्या बँकांसमोर बायांच्या रांगा लागल्या. महिन्याचे १५०० रुपये थेट खात्यात येणार होते आणि रांगेतल्या कितीतरी जणींच्या नावावर तोवर खातेच नव्हते. काहींचे होते, पण व्यवहार नसल्याने बंद पडलेले. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली, म्हणजे तेव्हा तिला दहा वर्षे होत आली होती. देशात आज ५६ कोटींहून जास्त जनधन खाती आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक महिलांची आहेत. जागतिक बँकेच्या पाहणीप्रमाणे भारतात २०११ साली १०० प्रौढांपैकी ३५ जणांचे खाते होते, २०२४ मध्ये ८९ जणांचे. उरलेले अकरा जण शोधायला नागपूरकराला लांब जावे लागत नाही. ठिय्यावर कामाची वाट पाहणारे मजूर आणि रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया), वीटभट्टीवर छत्तीसगड-मध्य प्रदेशातून आलेली कुटुंबे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, निवारा केंद्रात झोपणारी एकटी माणसे यांच्यात ते सापडतात.

ही माणसे अडाणी म्हणून खात्याविना राहतात, हे मला पटत नाही. प्रत्येकाकडे कारण असते आणि ऐकून घेतले तर ते पटणारे असते. मजुरी संध्याकाळी रोख मिळते आणि रात्रीपर्यंत किराण्यात जाते, मग ठेवायचे काय? नवऱ्याचे खाते आहे, मग माझे वेगळे कशाला? बँकेत गेले तर दिवसाची रोजी बुडते आणि तिथून ‘उद्या या’ ऐकून परतावे लागते. शेतकरी घरात वेगळीच धास्ती असते. नुकसानभरपाई खात्यात आली की बँक ती थकीत पीककर्जात वळती करून घेईल, ही. आणि ज्यांनी पैसे बुडताना पाहिले, त्यांचा विश्वास सहज परत येत नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला रोखे घोटाळा २००२ साली बाहेर आला आणि त्यात शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. असे जिल्ह्यात घडल्यावर म्हातारी माणसे पैसे लुगड्याच्या गाठीत किंवा भिशीत ठेवतात, तर त्यांना नावे कशी ठेवायची?

तरी एक फरक लक्षात ठेवावा. बँकेतली ठेव, त्यात सहकारी बँकाही आल्या, ठेव विमा महामंडळाकडे एका बँकेमागे एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विमा उतरवलेली असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, आधी ती १ लाख होती. पतसंस्था आणि भिशी यांना हा विमा नाही.

कोणते खाते मागायचे

काउंटरवर नुसते ‘खाते उघडायचे आहे’ म्हटले की बरेचदा किमान शिल्लक लागणारे साधे बचत खाते पुढे केले जाते. म्हणून नाव घेऊन मागा: ‘बेसिक सेव्हिंग खाते’ किंवा ‘जनधन खाते’. या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. पैसे भरण्याच्या संख्येवर बंधन नाही, एटीएम कार्ड मोफत मिळते आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. त्याच बँकेत तुमचे दुसरे बचत खाते मात्र चालत नाही. असेल तर ते बंद करावे लागते किंवा तेच बेसिक खात्यात बदलून घेता येते. पूर्वीच्या खात्यात दंड लागून लागून पैसे संपले असतील, तर हा बदल जरूर मागा. किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी खाते उणे करण्याची बँकेला परवानगी नाही, हेही माहीत असू द्या.

जनधन खात्याच्या रुपे कार्डासोबत अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना तो २ लाखांचा आहे, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. कार्ड ट्रंकेत जपून ठेवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. दुसरी गोष्ट, ‘जनधनमध्ये दहा हजार मिळतात’ असे वस्तीत ऐकू येते. ते ओव्हरड्राफ्ट आहे, म्हणजे कर्ज. खाते सहा महिने नीट चालवल्यावर, कुटुंबातल्या एकाला, शक्यतो बाईला, १०,००० रुपयांपर्यंत देता येते आणि ते व्याजासह फेडायचे असते.

घराजवळ शाखा नसेल तर टपाल खात्याची इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सोयीची. आधार आणि बोटाच्या ठशावर पोस्टमन दारात येऊन खाते उघडून देतो. त्यात दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि ही बँक कर्ज देत नाही.

पात्रता

कोणताही भारतीय रहिवासी. उत्पन्नाची अट नाही, शिक्षणाची नाही, सहीसुद्धा यायला हवी असे नाही. अंगठा चालतो. दहा वर्षांवरील मुले स्वतः खाते चालवू शकतात, त्याहून लहानांचे पालकांसोबत उघडते. घरात दुसऱ्या कुणाचे खाते आहे, या कारणावरून बाईला नाही म्हणता येत नाही.

कागदपत्रे

नियमात ओळखीचे सहा कागद मानलेले आहेत: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचे नाव-पत्ता असलेले पत्र. यांतला एक पुरतो. सोबत फोटो आणि पॅन. पॅन नसेल तर बँकेतच फॉर्म ६० भरून द्यायचा. रेशन कार्ड या यादीत नाही. घरातला सगळ्यात जपलेला कागद तोच असतो आणि तोच नेमका चालत नाही, म्हणून बाया हिरमुसून परततात. निघण्याआधीच हे ठाऊक असलेले बरे.

आधार हवेच का? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. नुसते खाते हवे असेल तर मतदार कार्डावरही ते उघडते. सरकारी योजनेचे पैसे थेट खात्यात हवे असतील तर मात्र आधार लागते.

पत्त्यावरून सर्वाधिक अडते. भाड्याने राहणारा माणूस, घरमालक करारपत्र द्यायला तयार नाही, आधारवर गावचा पत्ता. अशा वेळी दोन वाटा आहेत. आधारने ई-केवायसी (आधार क्रमांकावरून ऑनलाइन ओळख पटवणे) करत असाल तर सध्याचा पत्ता तुम्ही स्वतःच्या घोषणापत्रावर देऊ शकता. वेगळा पुरावा लागत नाही. दुसरा ओळखीचा कागद दिला असेल आणि त्यावर पत्ता जुना असेल, तर दोन महिन्यांच्या आतले वीजबिल, ओसीडब्ल्यूचे (ऑरेंज सिटी वॉटर) पाणीबिल किंवा महापालिकेची कर पावती तात्पुरती चालते. नवा पत्ता असलेला मूळ कागद तीन महिन्यांत द्यावा लागतो. वस्तीतल्या ज्या घरांना कर आकारणी झाली आहे, त्यांनी ती पावती फेकू नये.

एकही कागद नसेल तर

बँकेत सहसा न सांगितली जाणारी तरतूद ही आहे. नाव ‘स्मॉल अकाउंट’, म्हणजे छोटे खाते. सहांपैकी एकही कागद नसलेल्या माणसाचेही खाते उघडते. त्याने स्वतः साक्षांकित केलेला एक फोटो द्यायचा आणि बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. ‘हा अंगठा माझ्यासमोर उमटवला’ असे अधिकारी फॉर्मवर लिहून सही करतो. ओळख देणारा तिसरा माणूस लागत नाही, नगरसेवकाचे पत्र लागत नाही.

याला मर्यादा आहेत. शिल्लक कधीही ५०,००० च्या वर जाता कामा नये, आर्थिक वर्षात एकूण जमा १ लाखाच्या आत आणि महिन्यात काढलेले व पाठवलेले पैसे मिळून १०,००० च्या आत. सरकारी योजनांच्या अनुदानाला शिल्लक-मर्यादेची आडकाठी येत नाही. परदेशातून पैसे मागवता येत नाहीत. खाते १२ महिने चालते. त्या काळात एखाद्या ओळखपत्रासाठी अर्ज केल्याची पावती दाखवली की आणखी १२ महिने मिळतात. म्हणजे कागद जमवायला एकूण दोन वर्षे. रोजंदारीवरच्या माणसाला ही सवड फार मोलाची आहे, आणि काउंटरवरच्या लिपिकाला माहीत नाही एवढ्यावरून ती हातची जाते. त्यामुळे शाखा व्यवस्थापकाकडे थेट जा आणि ‘स्मॉल अकाउंट’ हाच शब्द वापरा.

त्या दोन वर्षांत आधार काढायचे. पहिली नोंदणी मोफत असते. पत्त्याचा कागद नसला तर राजपत्रित अधिकारी किंवा आमदाराच्या ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर नोंदणी होते. निवारा केंद्रात राहणाऱ्यांनी केंद्रप्रमुखाकडे प्रमाणपत्र मागावे. कुटुंबप्रमुखाच्या आधारावरही घरातल्यांचा पत्ता लागतो.

शाखेत किंवा बँक मित्राकडे

बँक मित्र म्हणजे बँकेच्या वतीने वस्तीत व्यवहार करून देणारा माणूस. फॉर्म मराठीत मागा. नाव आधारवर जसे आहे तसेच लिहा. माहेरचे-सासरचे नाव, वडिलांचे नाव आधी की आडनाव, यातला फरक पुढे योजनेच्या पैशाला आडवा येतो. वारसाचा रकाना रिकामा सोडू नका. मोबाईल नंबर स्वतःचा द्या. नवऱ्याचा किंवा ठेकेदाराचा दिला तर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि मग खाते नावापुरतेच तुमचे उरते.

सिमेंट-विटांचे काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि मशीन ठसा घेत नाही. रेजा बोट पदराला पुसते, ओले करते, पुन्हा दाबते आणि मागची रांग कुरकुरते. ठसा न लागणे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. दुसरे बोट, डोळ्याचे किंवा चेहऱ्याचे प्रमाणीकरण, मोबाईलवरचा ओटीपी, नाहीतर कागदी केवायसी, यांतले काहीतरी करून द्या म्हणावे. बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढताना दर वेळी पावती घ्या. मशीनवर दुसऱ्यांदा अंगठा मागितला तर पहिला व्यवहार खरेच फसला का, हे शिल्लक पाहून ठरवा. खाते उघडून देण्याचे पैसे बँक मित्राला द्यायचे नसतात.

पैसे ‘दुसरीकडे’ जातात तेव्हा

खात्याला आधार जोडणे आणि खाते थेट लाभासाठी (डीबीटी) ‘सीड’ करणे, म्हणजे योजनेचा पैसा याच खात्यात यावा अशी आधारशी नोंद करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजनेचा पैसा आधार क्रमांकावरून शेवटच्या सीड केलेल्या खात्यात जातो, मग अर्जात तुम्ही कोणतेही खाते लिहिलेले असो. खाते उघडतानाच डीबीटी सीडिंगचा संमती फॉर्म द्या आणि काही दिवसांनी मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती तपासा. आपले सरकार सेवा केंद्रातही ती पाहून घेता येईल.

दोन वर्षे तुम्ही स्वतः व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. ते सुरू करायला शुल्क नाही, केवायसी द्यावी लागते. कमी जोखमीच्या खात्यांची केवायसी दर दहा वर्षांनी नवी करायची असते. २०१४-१५ ला उघडलेल्या जनधन खात्यांची वेळ म्हणूनच आता भरली आहे.

एक कळकळीचे सांगणे. ‘तुझ्या नावावर खाते उघड, कार्ड आणि सिम मला दे, दोन-तीन हजार घे’ असे सांगणारे ठिय्यावर आणि कॉलेजच्या आसपास फिरतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात.

नाही म्हटले तर

तोंडी नकारावर परतू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. आधी त्याच बँकेकडे तक्रार करा. नागपूर जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय पाहणारी बँक, बँक ऑफ इंडिया आहे, तिच्या जिल्हा अग्रणी व्यवस्थापकालाही त्या तक्रारीची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार ऑनलाइन करता येते किंवा पोस्टाने चंडीगडच्या केंद्राकडे पाठवता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीला बँकेच्या अर्जाची पोच, दिलेल्या कागदांच्या प्रती आणि नकाराचे पत्र जोडा. पत्र मिळाले नसेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या शाखेत, काय सांगितले ते साध्या शब्दांत लिहा.