सोलरचं पाणी अडतं कुठे?

डिसेंबरात नागपूरच्या प्लंबरकडे एक तक्रार हमखास येते. "भाऊ, खालच्या नळाला गरम पाणी येते, पण शॉवरला येऊनच नाही राहिलं." टाकी भरलेली असते, ऊनही चांगलं पडलेलं असतं. गच्चीवरच्या सोलरमध्ये, म्हणजे उन्हावर पाणी तापवणाऱ्या हीटरमध्ये, पाणी इतकं तापलेलं की हात घालवत नाही. तरी शॉवर सोडला की आधी फुस्स, मग थोडी थुंकी आणि नंतर काहीच नाही. प्लंबर पाइपवर दोनदा टकटक करतो आणि सांगतो, "काकू, लाइनीनं एअर पकडली."

निदान अगदी बरोबर असतं. त्यावर उपाय म्हणून जे सुचवलं जातं, ते मात्र पुष्कळदा चुकतं. प्रेशर पंप बसवा, मोठा पाइप टाका, टाकी आणखी उंच करा, असे खर्च लोक करून बसतात. खरं तर अडचण दाबाची नसते, वळणाची असते. हवेला वर निसटायला वाट नसली की ती पाण्याची वाट धरून बसते.

हे कसं होतं, ते एका नेहमीच्या घराच्या आकड्यांनी पाहू. गच्चीची फरशी म्हणजे शून्य धरा. गार पाण्याच्या टाकीतली पातळी फरशीपासून अडीच मीटर वर आहे. तीच टाकी सोलरला पाणी पुरवते, म्हणून गरम पाण्यालाही तोच अडीच मीटरचा दाब मिळतो (दाब इथे पाण्याच्या उंचीत मोजला आहे). सोलरमधून निघालेला पाइप फरशीवरून येतो, एक मीटर उंच पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, चढतो, तिथून भिंतीवरून चार मीटर खाली उतरतो आणि बाथरूममध्ये शिरून पुन्हा दोन मीटर वर शॉवरकडे जातो. लाइन पाण्यानं पूर्ण भरलेली असेल तर शॉवरपाशी साडेतीन मीटर पाण्याचा दाब मिळायला हवा. झकास धार पडेल एवढा.

आता टाकी एकदा रिकामी झाली. शहरात दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहिला की हे घडतंच. पाणी परत आलं, पण पॅरापेटच्या माथ्यावर आणि पलीकडच्या चार मीटरच्या उतारात हवा तशीच राहिली. इकडून चढणाऱ्या पाण्याला माथ्यापर्यंत यायला एक मीटर खर्ची घालावा लागतो, म्हणजे माथ्यावर दीड मीटर दाब उरतो. पुढे उतारात पाणी असतं तर त्या चार मीटरच्या वजनानं गमावलेलं सगळं व्याजासकट परत मिळालं असतं. पण तिथे हवा आहे. हवा पाण्याच्या जवळजवळ आठशेपट हलकी, त्यामुळे तिचा चार मीटरचा स्तंभ पाण्याच्या जेमतेम पाच मिलिमीटरइतकाच भार देतो. उताराच्या तळाशी दाब राहतो तोच दीड मीटरचा, आणि शॉवरला पाणी चढवायला लागतात दोन. तराजूचं पारडं तिथेच अडतं. साठ सेंटीमीटर उंचीच्या खालच्या नळाला दीड मीटर पुरतो, म्हणून तिथे बारीक का होईना धार येते. काकूंची तक्रार या हिशेबात तंतोतंत बसते.

पाइपनं जितक्या वेळा वरखाली केलं असेल तितके असे खड्डे दाबात पडतात आणि त्यांची बेरीज होते. दाराच्या चौकटीवरून एक वळसा, बीमखालून दुसरा, असं करत आलेली लाइन बाहेरून कितीही नीटनेटकी दिसो, हवेसाठी ती घरट्यांची रांगच असते.

मग नळ तसाच सोडून ठेवला तर वाहत्या पाण्याबरोबर ही हवा निघून का जात नाही? कारण उताराच्या पाइपात बुडबुडा पाण्याच्या उलट दिशेनं वर चढत असतो. उभ्या नळीत मोठा बुडबुडा किती वेगानं चढतो, याचं सूत्र डेव्हिस आणि टेलर या शास्त्रज्ञांनी 1950 साली मांडलं. पाऊण इंची पाइपासाठी तो वेग सेकंदाला साधारण 15 सेंटीमीटर येतो. त्याला खाली ओढून न्यायचं तर पाणी त्याहून जोरात वाहायला हवं, म्हणजे मिनिटाला निदान तीन लिटर. बारीक धारेला हे जमत नाही. पाणी बुडबुड्याच्या कडेनं भिंतीला लागून घसरतं आणि बुडबुडा जागच्या जागी राहतो. म्हणून तासभर ठिबकत ठेवलेला नळ हवा काढत नाही, फक्त पाणी वाया घालवतो. त्याच लाइनीवरचे खालचे सगळे नळ एकदम पूर्ण सोडले, तर काही मिनिटांत काम होऊ शकतं.

टाकी कधीच रिकामी होत नाही, तरी हवा धरते, असंही पुष्कळ जण सांगतात. त्यांचंही खरं आहे. हवा पाण्यात विरघळलेली असतेच. विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये दाखवून दिलं की दाब वाढला की द्रवात जास्त वायू विरघळतो. तापमान वाढलं की मात्र उलटं होतं. 15 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 10 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 60 अंशांना तो निम्म्याच्याही खाली येतो. नायट्रोजनचंही तेच. नागपुरात हिवाळ्याच्या पहाटे टाकीतलं पाणी बर्फासारखं गार असतं. 29 डिसेंबर 2018 ला तर इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. असं गार, हवेनं भरलेलं पाणी सोलरमध्ये शिरतं आणि दुपारपर्यंत तापतं. दोनशे लिटरच्या टाकीतून हिशेबानं लिटरभर हवा सुटी होऊ शकते. आणि हे रोज.

याचा पुरावा काचेच्या ग्लासात बघता येतो. गरम नळाचं पाणी कधीकधी दुधासारखं पांढरं येतं आणि घरातले घाबरतात. ग्लास ओट्यावर ठेवा आणि बाजूनं पाहा. पांढरेपणा तळापासून वर निवळत गेला तर ते हवेचे सूक्ष्म बुडबुडे आहेत, पाणी चांगलं आहे. वरून निवळून तळाशी गाळ बसला तर मात्र टाकी धुवायची वेळ झाली.

ही सुटी झालेली हवा बाहेर जावी म्हणूनच सोलरच्या टाकीवर एक उभी, वरून उघडी नळी असते. ही एअर व्हेंटची नळी मला साऱ्या यंत्रणेत सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमका तिच्यावरच अन्याय होतो. तिच्यातून वाफ येते, कधी पाणी ठिबकतं, म्हणून कुणीतरी टोपण लावून टाकतं. मग हवा गरम पाण्याच्या लाइनीत उतरते, आणि ते तर किरकोळच. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद असताना खाली नळ सोडला तर टाकीत पोकळी तयार होते. चार मीटर खालच्या नळापर्यंत पाण्याचा स्तंभ लोंबकळत असेल तर टाकीच्या पत्र्यावर बाहेरून चौरस मीटरला चार टनांपर्यंत भार येऊ शकतो. आतली पातळ स्टीलची टाकी त्यात डब्यासारखी चेपते. व्हेंटमधून पाणी सतत वाहत असेल तर तिचं तोंड गार टाकीच्या पातळीपेक्षा खाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नळी उंच करा, बंद करू नका.

सोलरच्या पाणी तापवणाऱ्या नळ्यांच्या आतही बुडबुडे त्रास देतात. सोलरमध्ये पाणी फिरवायला मोटर नसते, गरम पाणी हलकं होऊन आपसूक वर जातं. 20 अंशांचं पाणी आणि 60 अंशांचं पाणी यांच्या घनतेत फरक असतो तो फक्त दीड टक्क्याचा. मीटरभर उंचीच्या पॅनेलमध्ये हे अभिसरण जेमतेम 15 मिलिमीटर पाण्याच्या जोरावर चालतं! तांब्याच्या नळ्यांचं सपाट पॅनेल असेल आणि त्याचा वरचा जोडपाइप थोडा उलट्या उतारानं बसवलेला असेल, तर तिथे साठलेला ओंजळभर बुडबुडाही सगळं चक्र थांबवतो. पॅनेल रसरसून तापतं आणि टाकी गारच राहते.

युरोपातल्या थंड देशांत घरोघरी खोल्या गरम करणारे रेडिएटर असतात, त्यांच्यातही हाच प्रकार होतो. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला की वर हवा साठली, हे तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. यंत्रणा बंद करून, थोडी निवू देऊन, कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीनं किंचित फिरवायचा. सूं आवाज थांबून पाणी यायला लागलं की लगेच बंद. त्यांच्याकडे हवा सोडायची जागा प्रत्येक रेडिएटरच्या माथ्यावर आधीच करून ठेवलेली असते. आपल्या गच्चीवरच्या लाइनींना ती कुणी ठेवत नाही.

प्लंबर मंडळी वापरतात ती एक युक्ती शास्त्रानुसार पक्की आहे. बाथरूमच्या मिक्सरचं, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळाचं, तोंड तळहातानं घट्ट दाबायचं, मग गार आणि गरम दोन्ही कॉक सोडायचे. गार लाइन पाण्यानं पूर्ण भरलेली असते, त्यामुळे आमच्या उदाहरणात तिचा दाब हवा धरलेल्या लाइनीपेक्षा कितीतरी जास्त असतो. गार पाणी उलटं गरम लाइनीत चढतं आणि बहुतेक हवा मागे टाकीत जाऊन व्हेंटमधून निघते. माथ्यावर थोडी उरते, ती पुढच्या जोरदार धारेत जाते. मात्र लाइनीवर गिझर असेल तर आधी त्याचं बटण बंद करा, आणि गरम पाणी उसळू शकतं म्हणून हे काम सकाळी लवकर करा. लाइनीत एकतर्फी व्हॉल्व्ह असेल तर ही युक्ती चालणार नाही. गार नळ थेट महापालिकेच्या लाइनीवर असेल तर हा प्रयोग करूच नका. तिकडचा दाब अचानक गेला तर टाकीतलं पाणी उलटं सार्वजनिक नळात जाऊ शकतं.

काचेच्या नळ्यांचा सोलर कोरडा पडला असेल तर भर दुपारी त्यात पाणी सोडू नका. रिकाम्या नळ्या उन्हात दोनशे अंशांच्या वर जातात, गार पाण्यानं त्या तडकतात. सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे भरा.

कायमचा इलाज हवा असेल तर गवंड्याला बोलवा. पाइप पॅरापेटवरून न नेता फरशीलगत भोक पाडून पलीकडे काढायचा आणि सोलरपासून बाथरूमपर्यंत एकसारखा उतार द्यायचा, म्हणजे हवा आपोआप मागे टाकीकडे चढत जाते. भोक पाडणं शक्य नसेल तर माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून अर्ध्या इंची उभी नळी गार टाकीच्या पातळीच्या वर न्यायची. नवीन घर बांधत असाल तर टाइल लागण्यापूर्वी एकदा गच्चीपासून शॉवरपर्यंत बोट फिरवत लाइन बघा आणि ती कुठे कुठे वर चढते ते प्लंबरला विचारा. त्या वेळी एक एल्बो (वळणाचा जोड) बदलायला पाच मिनिटं लागतात.