साइटवरच्या माणसांचं स्किल सर्टिफिकेट: ठेकेदार, छोटे बिल्डर आणि सोसायटी कमिटीवाल्यांसाठी

नमस्कार. आमचं कोपरखैरण्याला छोटंसं ऑफिस आहे, माणसं चार आणि काम एकच. तुमच्या साइटवर यायचं, तुमचे गवंडी, फिटर (लोखंड बांधणारे), शटरिंगवाले (काँक्रीटचा साचा लावणारे) यांचं स्किल तपासून घ्यायची व्यवस्था करायची आणि सर्टिफिकेट त्यांच्या हातात पडेपर्यंत मागे लागायचं. हे पत्रक काढलं कारण फोनवर रोज तेच प्रश्न येतात आणि पहिला तर ठरलेला, "साहेब तीस जणांची कार्डं पाहिजेत, शुक्रवारपर्यंत होतील का?" कोणती कार्डं असं विचारलं की समोर जरा शांतता, मग "अहो ते, लेबरचं कार्ड".

तर आधी हा घोळ मिटवू, कारण लेबरचं कार्ड म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी मागतात.

एक म्हणजे बांधकाम कामगार म्हणून नोंदणी. ही १९९६ च्या केंद्राच्या कायद्यातून आली आणि आपल्याकडे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ बघतं. वय १८ ते ६० पाहिजे आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला पाहिजे. तो दाखला ठेकेदार देऊ शकतो, म्हणजे तुम्हीच, आणि नेमके तुम्हीच सही करायला कां-कूं करता, उगाच कशाला अडकायचं म्हणून. पोरांची स्कॉलरशिप, बायकोचं बाळंतपण, अपघात झाला तर मदत, हे सगळं या नोंदणीवर मिळतं. आणि त्याचा पैसा बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेसमधून येतो, म्हणजे तुमच्या साइटच्या नावाने तो भरला गेलेला असतो, फक्त माणसाची नोंदणी नाही म्हणून त्याला त्यातलं काही मिळत नाही. सरकारी फी अगदी नाममात्र आहे, नाक्यावरचा एजंट जो आकडा सांगतो त्याच्याशी तिचा काही संबंध नाही. पण एक लक्षात घ्या, या कार्डावर 'गवंडी' लिहिलेलं असतं ते त्याने सांगितलं म्हणून, त्याने बांधलेली भिंत कोणी बघितलेली नसते.

दुसरं स्किलचं सर्टिफिकेट. इथे भिंत बघतात. आमचं काम हे.

तिसरं साइटचं सेफ्टी इंडक्शन, गेटवर नवीन माणूस आला की त्याला हेल्मेट, हार्नेस, कुठे खड्डा आहे, कुठल्या बाजूला क्रेन फिरते हे दाखवतात ते. ते त्या साइटपुरतंच. घोडबंदरच्या टॉवरवरचं इंडक्शन कार्ड दाखवून उलव्याच्या साइटवर सरळ आत सोडा म्हणणारे भेटतात, चालत नाही ते, तिथले खड्डे वेगळे असतात.

शिवाय वायरमनचा परवाना हा प्रकार अजून वेगळा. आम्ही कन्स्ट्रक्शन इलेक्ट्रिशियनचं स्किल सर्टिफिकेट काढून देऊ शकतो पण त्याने परवान्याचं काम भागत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर वाद नको.

आता मुद्द्याचं. वीस वर्षं थापी चालवलेल्या माणसाला परत शाळेत बसवायचं का? तर नाही. त्यासाठी आरपीएल आहे, म्हणजे आधीपासून जे येतं त्याची नोंद घ्यायची. २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली तिच्यात हे मोठ्या प्रमाणात सुरू झालं. बांधकामाच्या ट्रेडसाठी कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिल ऑफ इंडिया आहे, कोणत्या कामाला काय यायला पाहिजे हे तिथे लिहून ठेवलेलं आहे. माणसाला आधी थोडं ओरिएंटेशन देतात, योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ते १२ तासांचं होतं, स्कीम बदलली की तास बदलतात. त्यानंतर परीक्षा, थोडी तोंडी आणि बरीचशी हाताने करून दाखवायची. लिहिता-वाचता येत नाही म्हणून कोणी मागे राहायचं कारण नाही, प्रश्न हिंदीत किंवा मराठीत वाचून दाखवता येतात. आणि परीक्षा घेणारा माणूस आमचा नसतो, तो वेगळ्या असेसमेंट एजन्सीकडून येतो. म्हणून "सगळे पास होतील ना" याला आमच्याकडे उत्तर नाही. जो आधीच शंभर टक्के पासची गॅरंटी देतो त्याच्याकडे जरा संशयानेच बघा.

सगळ्यात जास्त गडबड कुठे होते माहितीये? ट्रेड निवडताना. यादी पाठवताना मुकादम सगळ्यांच्या पुढे 'शटरिंग कारपेंटर' लिहून मोकळा होतो. ठाण्याच्या टॉवरवर आता बहुतेक मायवन चालतं, ॲल्युमिनियमची पॅनलं, पिन-वेज ठोकायचं, स्लॅब झाली की पॅनल काढून वरच्या मजल्यावर द्यायचं. हे काम करणारा पोरगा त्यात वाघ असतो, पण त्याच्या हातात प्लाय, बत्ता आणि करवत दिली आणि बीमचा साचा कर म्हटलं की तो इकडे-तिकडे बघायला लागतो. त्याचा काय दोष, त्याने ते कधी केलंच नाही. यासाठी दोन वेगळे जॉब रोल आहेत, साधं शटरिंग वेगळं आणि सिस्टीम शटरिंग वेगळं. चुकीच्या रोलला बसवला तर चांगला माणूस नापास होतो आणि परत कधी परीक्षेचं नाव काढत नाही. तसंच गवंड्याचं, ब्लॉकवाला वेगळा, टाइल्सवाला वेगळा, प्लास्टरचा हात वेगळा. म्हणून यादी फायनल करायच्या आधी आम्ही एकदा साइटवर येऊन तासभर नुसतं बघतो, त्याचे पैसे घेत नाही.

शटरिंगवाल्यांना तोंडीत हमखास विचारतात, स्लॅबचे प्रॉप, म्हणजे खालचे टेकू, कधी काढायचे? दहातले आठ जण सांगतात "इंजिनिअर साहेब सांगतील तेव्हा". उत्तर चूक नाही म्हणा, पण मार्क मिळत नाहीत. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, त्याप्रमाणे साधं सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याच्या वर १४ दिवस. सहा मीटरच्या वरचा बीम असेल तर २१ दिवस. मायवनमध्ये पॅनल लवकर निघतात पण प्रॉप जागेवरच राहतात, हे त्या पोरांना पाठ असतं कारण रोज करतात, फक्त का ते कोणी सांगितलेलं नसतं. साहेब सुट्टीवर असला आणि वरून घाई आली तर निदान "अजून दिवस भरले नाहीत" एवढं बोलणारा एक माणूस खाली असावा, ओरिएंटेशनचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो.

एक प्रसंग सांगतो, तळोजाच्या बाजूची साइट, मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. फिटरची बॅच होती. त्यात कळंबकडचे एक मामा होते, पन्नाशीचे, गँगमधली अर्धी पोरं त्यांनीच तयार केलेली. ओरिएंटेशनला ते मागे बसले, हाताची घडी, चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं की हा पोरगा मला काय शिकवणार. प्रॅक्टिकलची तयारी म्हणून ८ एमएमची सळई दिली आणि कॉलमची रिंग, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून बांधतात ती, करा म्हटलं. मामांनी डोळे झाकून केल्यासारखी केली, मापात एक सूत इकडे-तिकडे नाही, पण दोन्ही टोकांचे हुक ९० अंशांवर. आमच्या ट्रेनरने रिंग हातात घेतली, हुक १३५ ला आत वळायला पाहिजे म्हणाला, तर मामा म्हणाले, "सगळीकडं असंच चालतंय सर, इतकी वर्षं झाली एक बिल्डिंग पडली नाही."

ट्रेनरने वाद घातला नाही. दोन रिंगा केल्या, एक मामांची ९० वाली आणि एक १३५ वाली, दोन्हींत आतून छोटा पाना घातला आणि एका पोराला म्हणाला आता ताकद लावून आतून बाहेर रेट. मामांची रिंग उघडली. दुसरी वाकडी झाली पण उघडली नाही. भूकंपात सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फुटून गेलं की कॉलममधलं काँक्रीट धरून ठेवायला तेवढी रिंगच राहते, हे मग सांगायला दोन मिनिटं लागली, सगळ्यांना कळलं. मामा काही बोलले नाहीत. सळई घेतली आणि पट्ट्यावर जाऊन परत वाकवायला लागले. परीक्षेला पास झाले, बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती कापायची-वाकवायची त्याचा तक्ता, तो वाचण्यात थोडे मार्क गेले. दुसऱ्या दिवशी साइट इंजिनिअरचा मला फोन, "अहो तुम्ही काय करून गेलात, मामांनी सकाळपासून पोरांना बांधलेल्या रिंगा सोडायला लावल्यात, माझं काँक्रीट उद्यावर गेलं." त्यांना राग आला होता पण थांबवलं नाही त्यांनी, हेही सांगायला पाहिजे.

आता जे सर्टिफिकेटने होत नाही तेही ऐका. ठाण्यात बाळकुमला सप्टेंबर २०२३ मध्ये ४० मजली इमारतीवरची कामगारांची लिफ्ट कोसळली आणि सात जण गेले. त्या माणसांच्या खिशात कुठलंही सर्टिफिकेट असतं तरी काय उपयोग होता? लिफ्ट, हॉइस्ट, क्रेन यांची तपासणी हा वेगळा विषय, ती वर्षातून एकदा तरी सक्षम माणसाकडून नीट करून घ्यायची आणि रिपोर्ट साइटवर ठेवायचा, ते काम आमचं नाही आणि आमच्या कागदाने ते झाकलंही जात नाही. तसंच पगाराचं. किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे प्रकार आहेत आणि कुशल म्हणायला सर्टिफिकेट हा चांगला पुरावा आहे, पण ते आलं की दुसऱ्या दिवसापासून हजेरी वाढली असं आपोआप होत नाही, ते तुमच्या आणि त्याच्या बोलण्यावर. आम्ही एवढंच म्हणू की टेंडरला त्याचा कागद जोडून काम मिळवलंत तर थोडं त्यालाही द्या.

नकली कागदाबद्दल. लॅमिनेशन केलेलं, सोनेरी बॉर्डरचं, अशोकस्तंभ छापलेलं सर्टिफिकेट आमच्याकडे बऱ्याचदा कोणीतरी दाखवायला आणतं. क्यूआर कोड स्कॅन केला की कुठल्या तरी भलत्याच साइटवर त्याच कागदाचा फोटो उघडतो, संपलं. खऱ्या सर्टिफिकेटची नोंद सरकारी पोर्टलवर सापडते, हल्ली स्किल इंडिया डिजिटल हबवर, आणि त्यावर जॉब रोल आणि एनएसक्यूएफची, म्हणजे कौशल्याच्या राष्ट्रीय श्रेणीची, लेव्हल लिहिलेली असते. ट्रेडच लिहिलेला नाही, नुसतंच 'कन्स्ट्रक्शन ट्रेनिंग' असं मोघम असेल तर तो कागद घेऊच नका. आणि स्कॅन तुमच्या फोनवरून करा, देणाऱ्याच्या नको.

नावांचा त्रास मात्र खरा आहे आणि त्यात आमचे दिवसच्या दिवस जातात. मालदा, मुर्शिदाबादकडच्या पोरांचं आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, मस्टरवर मुकादमाने ऐकून लिहिलेलं तिसरंच. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बरेचदा गावाला भावाकडे असतो, ओटीपी तिकडे जातो, भाऊ शेतात, आणि इकडे वीस जण रांगेत उभे. म्हणून बॅचच्या निदान आठ दिवस आधी आधार आणि मोबाइल आम्हाला तपासायला द्या. जवळच्या आधार केंद्रावर नंबर बदलून घ्यायला एखादी सकाळ सोडलीत तर पुढचा सगळा ताप वाचतो.

पैशाचं थोडक्यात. सरकारी योजनेची बॅच निघाली तर माणसाला काही भरावं लागत नाही, पण ती कधी निघेल आमच्या हातात नाही. घाई असेल तर फी भरून करता येतं, ती ठेकेदाराने भरायची, माणसाच्या हजेरीतून कापायची नाही, ही आमची अट आहे आणि यावरून दोन-तीन कामं आम्ही सोडलीत. बॅचच्या दिवसाची हजेरी पण पूर्ण भरायची. दिवसाची मजुरी बुडणार असेल तर कोण कशाला परीक्षेला बसेल, मी पण बसणार नाही.

साइटवर आम्हाला काय लागेल ते सांगतो. पत्र्याची शेड किंवा पार्किंग लेव्हलचा कोपरा चालेल, पंखा असला तर बरं, प्यायचं पाणी पाहिजेच. गवंड्याच्या बॅचला विटा आदल्या रात्री भिजवून ठेवा, कोरड्या विटेवर माणूस घाम गाळतो आणि मार्क जातात. ओळंबा, दोरी, गुण्या, थापी ज्याची त्याने आणायची, दुसऱ्याच्या थापीने हात चालत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. फिटरसाठी ८ एमएमचे कापलेले तुकडे चालतील, थोडे गंजलेले असले तरी हरकत नाही, तेल लागलेले नकोत. मे महिन्यात आणि दिवाळी ते छठ या काळात बॅच ठेवू नका, अर्धी माणसं गावाला असतात आणि उरलेल्या अर्ध्यांचं लक्ष तिकिटात.