काचेवरचं बोट आणि हातातला रिमोट : टॅब्लेट अन् टीव्ही स्टिकचे इंटरफेस आले कुठून

टॅब्लेटवर भराभर बोटं फिरवणारा माणूस टीव्हीच्या स्टिकवर, म्हणजे टीव्हीला मागून खोचून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर, साधं एक नाव शोधायला बसला की अडखळतो आणि मग स्वतःलाच बोल लावतो. पण चूक त्याची नसते. ॲप्स तीच, पोस्टरं तीच, तरी या दोन यंत्रांची घराणीच वेगळी आहेत.

आधी टॅब्लेटचं घेऊ. बोटाने चालणारा कपॅसिटिव्ह (म्हणजे बोटाचा विद्युत परिणाम ओळखणारा) टचस्क्रीन ब्रिटनमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ सालीच मांडला होता, विमान वाहतूक नियंत्रणाच्या कामासाठी. १९७२ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ॲलन के यांनी मुलांसाठी डायनाबुक नावाचा वहीएवढा कॉम्प्युटर कल्पिला, तो कागदावरच राहिला. आणि प्रत्यक्षात टॅब्लेट विकायला आले तेव्हा कंपन्यांनी बोट सोडून पेन धरलं! १९८९ चा ग्रिडपॅड पेनवाला, १९९३ चा ॲपलचा न्यूटन पेनवाला, आणि त्याची अक्षरओळख सुरुवातीला इतकी चुकायची की लोकांनी त्याची टिंगल केली, मग २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे टॅब्लेट पीसी आले त्यांच्यावर तर विंडोज एक्सपीच होतं, म्हणजे माउससाठी बनवलेले बारीक बारीक मेनू आणि त्यांच्यावर पेनाचं टोक नेमकं टेकवत बसायचं. टॅब्लेट मागे पडला तो मला वाटतं इथेच, कॉम्प्युटरचाच पडदा उचलून हातात दिला, हाताचा विचार कुणी केला नाही.

हाताचा विचार केला तो फिंगरवर्क्स या छोट्या कंपनीने. तिचे एक संस्थापक वेन वेस्टरमन यांना टायपिंगने हातदुखी जडली होती, त्यातून अनेक बोटं एकाच वेळी ओळखणारे पॅड तयार झाले. ॲपलने २००५ मध्ये ही कंपनी घेतली, २००७ ला आयफोन आला, २०१० ला ९.७ इंची आयपॅड. यादी बोटासोबत सरकते, सोडली की हळूहळू थांबते, टोकाला गेली की रबरासारखी ताणून परत येते, यात शिकायचं असं काही उरतच नाही.

टीव्हीचं घराणं रिमोटचं. झेनिथ या अमेरिकन टीव्ही कंपनीचा १९५० चा लेझी बोन्स रिमोट वायरने जोडलेला होता, १९५५ चा फ्लॅशमॅटिक उजेडाच्या झोताने चालायचा आणि उन्हाने आपोआप चॅनल बदलायचे, म्हणून १९५६ मध्ये झेनिथच्याच रॉबर्ट ॲडलर यांनी अल्ट्रासाउंड, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज वापरला. चार दिशांचं, अधिकच्या (+) चिन्हासारखं बटण मात्र गेममधून ओळखीचं झालं, निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोइ यांचं, १९८२.

टीव्हीचा पडदा आपल्यापासून दूर असतो, बोट पोचत नाही, त्यामुळे सगळा खेळ फोकसचा, म्हणजे पडद्यावर कायम एकच चौकोन उजळलेला असतो आणि उजवा बाण दाबला तर फोकस नेमका कुठे जाईल, खालच्या ओळीत जाऊन परत वर आलं तर आधीचीच जागा सापडेल का, हे सगळं बनवणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. टॅब्लेटवर हा प्रश्नच नसतो, हवं तिथे बोट ठेवलं की झालं. म्हणून टॅब्लेटचं डिझाइन उचलून टीव्हीवर टाकलेली ॲप्स वापरताना इतका त्रास होतो, आणि हे अजूनही चालू आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

२००८ मध्ये रोकू या कंपनीचा टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवणारा पहिला डबा आला तो साध्या बाणांच्या रिमोटसकट. पुढे बाण टाळायचे दोन मोठे प्रयत्न झाले. गूगलच्या २०१३ च्या क्रोमकास्ट स्टिकला रिमोटच नव्हता, सगळं फोनवरून, पण २०२० च्या मॉडेलसोबत रिमोट आलाच. ॲपलने २०१५ मध्ये आपल्या ॲपल टीव्ही या डब्याच्या रिमोटवर टचची काच बसवली आणि २०२१ मध्ये दिशांची गोल कडा असलेला नवा रिमोट दिला, टच ठेवून.

टायपिंगचं दुखणं मात्र बाणांनी सुटलं नाही, म्हणून आता बरीच ॲप्स लॉगिनला टीव्हीवर नुसता छोटा कोड दाखवतात आणि पासवर्ड फोनवर टाकायला लावतात, जिथे बोट काचेला पोचतं.