साथीचा आलेख: नोंदीची तारीख आणि लक्षणांची तारीख

‘आज इतके नवे रुग्ण’ हा आकडा नोंदीच्या तारखेचा असतो. तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यातले बहुतेक लोक आज आजारी पडलेले नसतात, आज त्यांची नोंद झालेली असते. सुट्टीत प्रयोगशाळा थंडावली की तो आकडा पडतो, साचलेले अहवाल एकदम चढवले की उसळतो. तपासणी आणि नोंदणीचं काम किती चाललंय हे त्यावरून कळतं. साथीची दिशा ठरवायला तो वापरू नये.

दिशेसाठी लक्षणं कधी सुरू झाली त्या तारखेचा आलेख काढतात, आणि खरी फसगत तिथेच होते. या आलेखाचं शेवटचं टोक जवळजवळ नेहमीच उतरतं, साथ वाढत असली तरी. ताप आला, दोन दिवसांनी दवाखाना, मग नमुना, तपासणी, नोंद. एवढ्यात पाच-सहा दिवस सहज जातात, त्यामुळे परवा आजारी पडलेले लोक आज यादीतच नसतात. समजा, 10 तारखेला पाहताना 8 तारखेच्या स्तंभात 6 रुग्ण आहेत. 16 तारखेला त्याच स्तंभात 30 असू शकतात. तो उतार पाहून ‘साथ ओसरली’ म्हणणं ही घोडचूक आहे. आधीच्या रुग्णांच्या लक्षणांच्या आणि नोंदीच्या तारखांमधलं अंतर काढा. 90 टक्के नोंदी जितक्या दिवसांत येतात, तितके शेवटचे दिवस राखाडी रंगात दाखवा आणि त्यावरून निष्कर्ष काढू नका.

याहून वाईट सवय म्हणजे लक्षणांची तारीख मिळाली नाही की तिथे गुपचूप नोंदीची तारीख भरणं. दोन आलेखांची खिचडी होते आणि नसलेली शिखरं उगवतात. रकाना रिकामा ठेवा, रुग्णाला फोन करा, तरीही नाही मिळाली तर असे किती ते आलेखाखाली लिहा. लक्षणंच नसलेल्या बाधितांना ही तारीख नसते, हेही तिथेच सांगा.

स्तंभाची रुंदी अधिशयन काळाच्या, म्हणजे संसर्गापासून लक्षणांपर्यंतच्या काळाच्या, साधारण चौथ्या हिश्शाएवढी ठेवावी. नोरोव्हायरसला (उलट्या-जुलाबांचा विषाणू, 12 ते 48 तास) काही तासांचे स्तंभ, हिपॅटायटिस ए ला (विषाणूमुळे होणारी कावीळ, सरासरी 28 दिवस) आठवड्याचे. हिपॅटायटिस ए एकाच वेळच्या दूषित अन्नातून पसरला असेल, तर शिखरापासून 28 दिवस मागे मोजून त्या सुमाराचं खाणंपिणं विचारतात. ही मोजणी नोंदीच्या तारखेवरून केली, तर रुग्णांना भलत्याच आठवड्यातलं जेवण विचारलं जातं.