एका बाकावर कोण बसणार? : २५ टक्के जागांची पार्श्वभूमी

आरटीईची, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालच्या प्रवेशांची, सोडत निघते तेव्हा हजारो आईबाप मोबाइलकडे डोळे लावून बसलेले असतात. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. फी सरकार भरतं. पण हा झगडा नुसता फीचा कधीच नव्हता. श्रीमंताचं आणि गरिबाचं मूल एका बाकावर बसणार का, हा प्रश्न फार जुना आहे.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मुलाने थेट सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केलं आणि तरीही दार बंदच ठेवलं. एकट्यासाठी त्याला वर्गात घुसवलं, तर बाकीच्यांना शाळा निरुपयोगी होईल, असं कारण दिलं. हे उत्तर मला नकारापेक्षाही क्रूर वाटतं.

शिक्षण आधी वरच्यांना द्यावं, मग ते खाली झिरपेल, असं तेव्हाचं धोरण होतं. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी त्यावरच बोट ठेवलं: सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शाळा-कॉलेजं मिळतात वरच्या वर्गाला. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्याच वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद केल्या, म्हणजे बाकाचा प्रश्नही हातात घेतला.

चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं संविधानात लिहिलं गेलं. तो मूलभूत हक्क व्हायला २००२ उजाडलं आणि कायदा व्हायला २००९. तोवर ऐपत असलेल्यांनी जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळा सोडून इंग्रजी माध्यम गाठलं होतं. कायद्याने कोणालाही अडवलेलं नसताना बाक पुन्हा वेगळे झाले होते. २५ टक्के जागांची तरतूद आली ती त्यासाठीच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. पालक न्यायालयात गेले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला.

जागा वाचल्या. पण कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच आहे. नववीला मूल त्याच बाकावर ठेवायचं, तर फीचा आकडा बापाच्या हातात पडतो.