नगराचे देव : सॉक्रेटिसच्या खटल्यामागचे अथेन्स

इ.स.पू. ३९९ मध्ये मेलेटस नावाच्या अथेन्सच्या एका नागरिकाने सत्तरीला आलेल्या सॉक्रेटिसवर फिर्याद केली. नगर ज्या देवांना मानते त्यांना हा मानत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असा तो आरोप. या खटल्याची हकीकत बहुतेक वेळा विचारवंत विरुद्ध अडाणी जमाव अशी सांगितली जाते. थोडे खोलात जाणारे लेखक म्हणतात, खरे भांडण राजकीय होते, देवांचे नुसते निमित्त. मला ही फोड अथेन्सपुरती तरी पटत नाही. देवांची कामे हे तिथल्या नगरकारभाराचेच एक खाते होते, आणि कारभाराच्या इतर खात्यांप्रमाणे तेही नागरिकांच्या सभेला जबाबदार होते.

फिर्याद दाखल झाली ती जागाच पाहावी. ॲगोरा हा नगराचा मधला चौक. बाजार, कचेऱ्या, न्यायालये, देवळे सगळे तिथेच गर्दी करून. त्याच्या वायव्य कोपऱ्यात खांबांची एक लहानशी इमारत होती, तिला 'राजाची ओसरी' म्हणत. १९७० मध्ये उत्खननात तिचे अवशेष सापडले. हा राजा नावापुरताच. अथेन्सची राजेशाही कधीच संपली होती, पण राजाच्या हातून व्हायची पूजाकर्मे उरली होती आणि ती सोडून देण्याची कोणाची छाती नव्हती. म्हणून वर्षाच्या नऊ आर्कॉनांपैकी, म्हणजे मुख्य कारभाऱ्यांपैकी, एकाला 'राजा' हे पद आणि ती कर्मे लावून दिली. इ.स.पू. ४८७ पासून आर्कॉन सोडत काढून नेमले जाऊ लागले. म्हणजे नगराचे सर्वांत जुने धर्मकृत्य करणारा माणूस हा चिठ्ठीत नाव निघालेला एक नागरिक, एका वर्षापुरता. त्याच्या बायकोलाही काम असे. वसंताच्या तोंडावर येणाऱ्या अँथेस्टेरिया या सणात डायोनिसस देवाशी तिचे विधिपूर्वक लग्न लागे. मनुष्यवधाचे आणि देवद्रोहाचे दावे याच राजा-आर्कॉनपुढे प्राथमिक चौकशीला येत. ओसरीसमोर एक मोठी शिळा होती; तिच्यावर उभे राहून आर्कॉन पदाची शपथ घेत, आणि कायदा मोडून नजराणा घेतला तर सोन्याचा पुतळा देवाला वाहू असे बोलत.

शपथेच्या आधी आर्कॉनची छाननी होई. आईवडील कोण, आजे कोण, आईबापांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, लढाईवर गेला आहेस का. याच यादीत आणखी एक प्रश्न असे : तुझा कुळाचा अपोलो आणि अंगणातला झ्यूस आहे का, आणि त्यांची ठाणी कुठे आहेत? लग्नाच्या बैठकीत 'तुमचे कुलदैवत कोणते?' असे विचारून आपण जे जाणून घेतो तेच इथे विचारले जाई, फरक इतकाच की उत्तर सरकारदरबारी नोंदले जाई. ज्याला ठाणे दाखवता येत नाही तो खरा अथेन्सवासी कशावरून? कुटुंबाची पूजा हा नागरिकत्वाचा पुरावा होता.

मूल जन्मले की वडील त्याला बिरादरीच्या देवापुढे नेऊन, पशू बळी देऊन नाव नोंदवत. गावपातळीवरही हेच. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनीसने नागरिकांची नव्याने दहा गटांत विभागणी केली तेव्हा प्रत्येक गटाला एकेक पूर्वपुरुष हवा होता. शंभर नावे डेल्फीला पाठवली गेली आणि अपोलोच्या पुजारणीने त्यांतली दहा निवडली. हा शुद्ध राजकीय डाव होता, जुन्या घराण्यांची पकड सैल करण्यासाठी आखलेला. पण देवाचा कौल नसता तर त्या नव्या गटांना कोणी आपले म्हटले नसते. त्या दहा वीरांचे पुतळे पुढे ॲगोरात उभे राहिले आणि त्यांच्या चौथऱ्यावर सरकारी नोटिसा लागत : येऊ घातलेले ठराव, खटले, सैन्यभरतीच्या याद्या.

पुजाऱ्यांचा वेगळा वर्ग तिथे नव्हता. धर्मग्रंथ नाही, गुरुकुल नाही, एका देवळाच्या पुजाऱ्याचा दुसऱ्या देवळावर अधिकार नाही. काही मान घराण्यांकडे पिढीजात होते. अथीना पोलियासची, म्हणजे नगररक्षक देवी अथीनेची, पुजारीण एटिओबुटाड घराण्यातली असे. अथेन्सजवळच्या एल्यूसिस गावची गूढव्रते युमोल्पिड आणि केरिकेस या दोन घराण्यांच्या हाती होती. लोकशाही आली तेव्हा हे मान काढून घेतले नाहीत, पण पाचव्या शतकात अथीना नायकीच्या, म्हणजे विजयदात्या अथीनेच्या, पुजारणीचे नवे पद निर्माण झाले तेव्हा सभेने ते अथेन्सच्या सगळ्या स्त्रियांना खुले ठेवले. वेतनही ठरले : वर्षाला ५० द्राख्मा, शिवाय सार्वजनिक बळींच्या तंगड्या आणि कातडी. हा ठराव दगडावर कोरलेला आजही आहे. सभेत तोंड उघडायची किंवा मत द्यायची ज्यांना मुभा नव्हती त्या स्त्रियांना पगारी सार्वजनिक पद मिळाले ते देवळातच. लिसिमाकी नावाची अथीनाची एक पुजारीण ६४ वर्षे पदावर होती असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. नगराच्या एकाही सेनापतीची कारकीर्द याच्या जवळपास जात नाही.

नागरिकसभेची बैठकही पूजेनेच सुरू होई. सभेच्या जागेभोवती डुकराच्या पिल्लाचे रक्त शिंपडून ती शुद्ध करत. मग दवंडीवाला प्रार्थना म्हणे आणि लोकांना फसवणाऱ्या वक्त्यांवर शाप उच्चारे. कार्यक्रमपत्रिकेत देवकार्याचे विषय आधी, परराष्ट्राचे वकील त्यानंतर. आणि देवकार्य म्हणजे काय, तर बळीचा खर्च, देवळाच्या जमिनीचा खंड, सणाची तारीख, मूर्तीची दुरुस्ती. सगळ्यावर हात वर करून मतदान.

देवाचा कौलसुद्धा या मतदानातून सुटत नसे. पर्शियन स्वारी अंगावर आली तेव्हा डेल्फीने 'लाकडी तट तारील' असे सांगितले. काहींना वाटले ॲक्रोपोलिस या नगरातल्या टेकडीभोवतीचे कुंपण, थेमिस्टोक्लीज हा पुढारी म्हणाला जहाजे. अर्थ कोणता घ्यायचा हे सभेने ठरवले, आणि इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसला आरमार लढले. याहून मजेदार प्रकरण इ.स.पू. ३५२ चे. एल्यूसिसच्या देवींची काही पडीक जमीन खंडाने द्यावी की तशीच ठेवावी, असा वाद होता. सभेने कथलाचे दोन सारखे पत्रे करवून घेतले, एकावर 'द्यावी' आणि दुसऱ्यावर 'देऊ नये' असे लिहिले, ते लोकरीत गुंडाळले आणि भर सभेत एक सोन्याच्या, एक चांदीच्या कलशात टाकून कलश मोहोरबंद केले. कशात काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही. मग तिघांना डेल्फीला पाठवले आणि देवाला एवढेच विचारायला सांगितले : सोन्याचा कलश की चांदीचा? पुजारीण फितूर होऊ नये, दूत खोटे बोलू नयेत, सेनापतींनी मधे लुडबुड करू नये, सगळ्याची तजवीज. देवावर पूर्ण भरवसा, माणसांवर अजिबात नाही. (कौल जमीन पडीक ठेवण्याच्या बाजूने निघाला.)

पैशाचीही तीच गत. इ.स.पू. ४५४ मध्ये मित्रनगरांच्या संघाचा खजिना डेलोस बेटावरून अथेन्सला आणला गेला. तेव्हापासून मित्रांच्या खंडणीचा साठावा हिस्सा अथीनेला अर्पण होऊ लागला आणि त्याच्या याद्या दगडावर कोरल्या जाऊ लागल्या. इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झालेले पार्थेनॉन हे देऊळ जितके तितकेच तिजोरी. स्पार्टाशी युद्ध तोंडावर असताना, इ.स.पू. ४३१ मध्ये, नगराचा पुढारी पेरिक्लीज याने नागरिकांना हिशेब दिला : ॲक्रोपोलिसवर ६,००० टॅलेंट वजनाची नाणी आहेत, शिवाय अथीनेच्या मूर्तीवर ४० टॅलेंट वजनाचे सोने आहे आणि ते उतरवता येते. मात्र वापरले तर परत करावे लागेल. युद्धात नगराने देवीकडून खरोखरच कर्जे काढली, व्याजासह, आणि त्यांचे हिशेबही कोरून ठेवले. शेवटी शेवटी विजयदेवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडावी लागली.

सामान्य माणसाला हे सगळे जाणवे ते ताटातून. बळी दिलेल्या बैलाची मांडीची हाडे चरबीत गुंडाळून देवासाठी जाळत, काळीज-यकृत जागीच भाजून मानकरी खात, उरलेल्या मांसाचे वाटे होत. बैलाचे मांस बहुतेकांच्या वाट्याला येई ते सणालाच. चौथ्या शतकातल्या एका ठरावात पॅनअथेनिया या अथीनेच्या सणाला, ज्या गावाने जितकी माणसे मिरवणुकीत पाठवली त्या प्रमाणात मांस वाटावे, असे स्पष्ट लिहिले आहे. कातडी विकून आलेला पैसा सरकारजमा. मिरवणुकीत परदेशी रहिवाशांनाही जागा होती, जांभळे झगे घालून नैवेद्याची तबके वाहण्याची. मान होता, पण आपण कोण आहोत हे विसरू न देणारा. डायोनिससच्या उत्सवात नाटके सुरू होण्यापूर्वी मित्रनगरांनी आणलेली खंडणी रंगभूमीवर मांडून दाखवत, आणि लढाईत वडील पडलेली मुले वयात आली की नगराने दिलेले चिलखत घालून तिथेच प्रेक्षकांपुढून चालत.

इतकी गुंतागुंत असलेल्या नगरात देवाचा अपमान हा सार्वजनिक घातपात समजला जाणे साहजिक होते. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर आरमार निघायच्या बेतात असताना एका रात्रीत अथेन्सच्या रस्त्यांवरच्या, घरांच्या दारांतल्या हर्मीस देवाच्या बहुतेक दगडी मूर्तींची तोंडे फोडली गेली. लोकांनी याचा अर्थ लोकशाही उलथण्याचा कट असा लावला. खबर देणाऱ्याला, गुलाम असला तरी, अभय जाहीर झाले. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली : काही श्रीमंत तरुणांनी घरी मेजवानीत एल्यूसिसच्या व्रताची नक्कल केली होती. त्यात मोहिमेचा एक सेनापती अल्सिबायडीज याचे नाव आले. मोहिमेवरून त्याला परत बोलावले. तो निसटून शत्रूला, स्पार्टाला, जाऊन मिळाला. दोषींची मालमत्ता लिलावात निघाली आणि किमतींसह तिची यादी दगडावर कोरली गेली. सिसिलीची मोहीम दोन वर्षांनी बुडाली.

पुढची वर्षे पडझडीची. दोनदा लोकशाही उलथली गेली, इ.स.पू. ४०४ मध्ये स्पार्टापुढे शरणागती, मग तीस जुलमी कारभाऱ्यांची राजवट. इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परतली आणि मागचे उकरून काढायचे नाही, अशी सर्वांनी शपथ घेतली. देवांचे खाते मात्र विस्कटलेलेच होते. निकोमाकस नावाचा अधिकारी कायद्यांबरोबर बळींची पंचांगेही नव्याने लिहून काढत होता. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्यावरच खटला भरला गेला : तू नवे बळी घुसडलेस, त्यांपायी तीन टॅलेंटचे वाडवडिलांच्या वेळचे बळी राहून गेले. त्याच सुमारास ४१५ च्या प्रकरणातला माफीचा साक्षीदार अँडोसायडीज हाही व्रतात बेकायदा भाग घेतल्याबद्दल न्यायालयात उभा होता. तो सुटला.

सॉक्रेटिसची फिर्याद याच रांगेतली. त्याच्याभोवती वावरलेल्यांत अल्सिबायडीज होता आणि तीस जुलमींचा म्होरक्या क्रिटियासही. अर्ध्या शतकाने एस्किनीस हा वक्ता भर न्यायालयात म्हणाला की क्रिटियासला शिकवले म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारले. राजकारण होतेच. पण आरोपातला नव्या दैवतांचा भाग पोकळ नव्हता. नवे देव अथेन्सला वर्ज्य नव्हते. इ.स.पू. ४२० मध्ये वैद्यदेव अस्क्लेपियस आला. टेलेमाकस नावाच्या गृहस्थाने त्याचे देऊळ बांधले तेव्हा केरिकेस घराण्याने जागेवरून वाद घातला, पण देव राहिला. बेंडिस ही थ्रेशियन देवी पिरेअस बंदरात आली, तिच्या भक्तांना जमीन आणि ठाण्याचा हक्क नगराने दिला, डोडोनाच्या देवस्थानाचा कौल घेऊन. दार उघडे होते, मात्र ते सभेच्या अंगणातून जात असे.

सॉक्रेटिस चारचौघांसारखे बळी देई, सार्वजनिक वेदींवरही देई, असे त्याचा शिष्य झेनोफन बजावून सांगतो. अडचण दुसरीच होती. त्याला एक दैवी आवाज ऐकू येत असे, चुकीचे पाऊल टाकण्याआधी थांबवणारा, आणि तो फक्त त्याला एकट्याला. त्या आवाजाला ठाणे नाही, पुजारीण नाही, हिशेब नाही. मोहोरबंद कलशातून त्याची खातरजमा करायची सोय नाही. डेल्फीच्या अपोलोलासुद्धा कथलाच्या पत्र्यांनी बांधून घेणाऱ्या लोकांना हे रुचणे कठीण होते. सुमारे ५०० जणांच्या न्यायसभेने त्याला दोषी ठरवले. तीस मते फिरली असती तर सुटलो असतो, असे तो निकालानंतर म्हणाल्याचे प्लेटो लिहितो.

मृत्युदंड लगेच अमलात आला नाही. अपोलोच्या उत्सवासाठी डेलोसला जाणाऱ्या जहाजाला खटल्याच्या आदल्याच दिवशी माळ घातली गेली होती, आणि ते परत येईपर्यंत नगर पवित्र ठेवायचे, कोणाला मारायचे नाही, असा नियम होता. झेनोफनच्या म्हणण्यानुसार त्यात तीस दिवस गेले.

सभेची पद्धत पुढेही बदलली नाही. इ.स.पू. ३३३ मध्ये सायप्रसमधल्या किटिऑनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या ॲफ्रोडाइटीसाठी पिरेअसला जमीन विकत घेण्याची परवानगी मागितली. लिकर्गस या पुढाऱ्याने ठराव मांडला, इजिप्तच्या लोकांना आयसिसचे देऊळ उभारू दिले होते तसेच यांनाही द्यावे असे सुचवले, आणि सभेने तो मंजूर केला.