आईचा ग्लुकोजचा ग्लास आणि आतड्याची चुगली

परवा आईला शुगर टेस्टसाठी लॅबमध्ये नेलं होतं, तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि मग दोन तास नुसतं बसायचं. दुसऱ्या घोटालाच आईचं तोंड वाकडं, म्हणे एवढं गोडमिट्ट पिण्यापेक्षा सलाईनमधून का नाही देत? मी हसलो खरा, पण १९६४ मध्ये शास्त्रज्ञांनी हेच करून बघितलं होतं, ग्लुकोज एकदा तोंडाने आणि एकदा शिरेतून.

आता तुम्हाआम्हाला वाटणार की शिरेतून दिलं की थेट रक्तात, म्हणजे साखर खाली आणणारं स्वादुपिंडातलं इन्सुलिनही जास्त सुटणार. झालं उलटंच! तोंडाने घेतल्यावर इन्सुलिन कितीतरी जास्त सुटलं. म्हणजे रक्तातली साखर वाढते म्हणून स्वादुपिंड कामाला लागतं हे खरं, पण अर्धीच गोष्ट, कारण खाणं आतड्यात उतरलं की आतडंच स्वादुपिंडाकडे चुगली करतं की बाबा रे, साखर येतेय, तयारीला लाग.

ही चुगली करणारी दोन छोटी प्रथिनं, जीआयपी आणि जीएलपी-१. पहिलं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात बनतं, दुसरं जास्त करून खालच्या टोकाकडे. जीएलपी-१ तर फक्त ३० अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या माळेतले मणीच ते), पण कामं बघा, इन्सुलिन वाढवतं, लिव्हरला साखर सोडायला लावणारं ग्लुकागॉन दाबतं, पोट सावकाश रिकामं करतं आणि भूकही कमी करतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे साखर वर असेल तेव्हाच ते इन्सुलिनला जोर देतं, साखर खाली आली की गप्प.

घोळ एकच, ते रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, कारण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला लगेच कापून टाकतं. बाबा घेतात ती सिटाग्लिप्टिनची गोळी या कात्रीलाच अडवते (२०२२ मध्ये आपल्याकडे तिचं पेटंट संपलं आणि किंमत धाडकन उतरली, तेव्हा बाबा आठवडाभर खुशीत होते).

दुसरा रस्ता भन्नाट आहे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो, वर्षातून मोजक्या वेळा खाणारा. न्यूयॉर्कचे संशोधक जॉन एंग यांना त्याच्या विषात जीएलपी-१ सारखंच काम करणारं प्रथिन सापडलं, आणि ते या कात्रीला दाद देत नाही! त्यावरून एक्सेनाटाइड नावाचं मधुमेहाचं इंजेक्शन आलं, २००५ मध्ये. हल्ली सगळीकडे चर्चा असलेलं मधुमेहाचं आणि वजन कमी करायचं औषध सेमाग्लुटाइड मात्र माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये बदल करून बनवलंय, आठवड्यातून एकदा टोचलं की पुरतं.

दोन तास काढायचे होते म्हणून हे सगळं आईला सांगितलं. सरड्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "शी! बाबांच्या गोळीत ते नाही ना?"

नाही गं, म्हटलं.